पडद्यामागचा आठवा

लीड्स
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

धम्मदीप,

एकच विचारायचं आहे. काल दुपारी तू ऑटलीला आला होतास का?

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं सगळं वाचतोस आणि गप्प राहतोस, ते निळ्या खुणांवरून कळतं. म्हणून हे कागदावर. तुझा स्कॉटलंडमधल्या अलापूलचा पत्ता स्वरालीकडून घेतला. तू तिला तुझ्या संगीताच्या नोट्सचा खोका पोस्टाने पाठवलास, त्यावर होता. इतकी वर्षं पितळेचा फ्रेंच हॉर्न घेऊन तुझ्या शेजारच्या खुर्चीवर मी बसलो आणि खोका तिला. असू दे. ती तरुण आहे, दिवसभर शाळेत गणित शिकवून संध्याकाळी प्रॅक्टिस करते, तिला उपयोग होईल.

तर काल. ग्लेनिसचा हॉर्न क्लब अजून चालू आहे, त्याच मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये. हीटर अजूनही लाथ मारल्याशिवाय पेटत नाही. शाळेतून रिटायर झाल्यापासून ग्लेनिसला दुसरा उद्योगच नाही. काल वर्षातला तो ‘पडद्यामागचा’ रविवार होता. विसरला नसशील. दोरीवर चादरी टाकायच्या, एकेकाने मागे जाऊन त्याच चार ओळी वाजवायच्या, पुढे बसलेल्यांनी नुसत्या टोनवरून माणूस ओळखायचा आणि मार्क द्यायचे. मग चहा, लेमन केक आणि भांडण. जाडा, गडद जर्मन टोन चांगला की सडसडीत जुना इंग्लिश, ब्राम्सला काय शोभतं, मोझार्टला काय. तू असताना भांडण रंगायचं, कारण आम्ही सगळे एकीकडे आणि तू तुझा तो अरुंद नळीचा, पिस्टनचा जुना हॉर्न घेऊन एकटा. ग्लेनिस म्हणायची, तुझा टोन म्हणजे तारेवर वाळत घातलेला ओला शर्ट. तू मला मराठीत म्हणायचास, “शर्ट तरी आहे बे. हिची तर गोधडी हाये.”

काल आम्ही सात जण होतो. सातही जण वाजवून पुढे येऊन बसलो. ग्लेनिस चहा ठेवायला उठली. आणि पडद्यामागे कुणीतरी श्वास घेतला.

मी आयुष्यभर भूल देण्याचं काम केलं. पेशंटचा चेहरा झाकलेला असतो, आपण त्याचा श्वास ऐकत बसतो. नावं विसरतात, श्वास विसरत नाही. आधी नाकाने थोडा, मग ओठांच्या कोपऱ्यातून उरलेला, असा दोन टप्प्यांत श्वास घेणारा हॉर्नवाला मला एकच माहीत आहे.

मग त्या चार ओळी आल्या. बारीक, उजळ, कुठेही जोर नाही. वरच्या सुरावर जाण्याआधी किंचित थांबणं, दाराशी चपला काढायला थांबल्यासारखं, तेही आलं. हॉलमध्ये कोणी हललं नाही. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण प्रत्येकाला वाटलं की ही दुसऱ्या कोणाची तरी गंमत आहे. स्वराली धावत मागे गेली. मागे रिकामी खुर्ची. किचनच्या दाराला आतून कडी, आणि दुसरी वाट आमच्या समोरूनच जाते.

हॉर्नमध्ये साठलेलं पाणी आम्ही सातही जणांनी ग्लेनिसच्या टॉवेलवर झटकलं होतं. खुर्चीच्या डाव्या बाजूला, तू झटकायचास तिथे, लिनोलियमच्या फरशीवर आणखी एक लहानसं थारोळं होतं. मी बोट लावून पाहिलं. कोमट होतं.

सगळ्यांनी त्या आठव्या टोनला सर्वांत जास्त मार्क दिले. ग्लेनिसनेसुद्धा. चहा ओतताना मला हळूच म्हणाली, “तोच ना?”

आला असशील तर सांग. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण आलास याचा आनंद त्याहून जास्त होईल.

उदय


लीड्स
मंगळवार, २५ फेब्रुवारी २०२५

धम्मदीप,

तुझं पाच ओळींचं पत्र आलं. शैलाने ते माझ्या हातातून ओढून घेऊन आधी वाचलं. “अक्षर तेच आहे,” म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ आली नाही.

म्हणजे तुझ्या मनालीच्या अस्थी पाण्यात सोडल्यापासून तू अलापूलच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाहीस. म्हणजे धक्क्यावर घसरून तुझे पुढचे दोन दात गेले आणि हे मला आता कळतंय. दात नसताना हॉर्न वाजवता येत नाही हे मला सांगायची गरज नाही. हॉर्न शेडमध्ये खिळ्याला टांगलाय, पिस्टन आत अडकून बसलेत. शेवटी लिहिलंयस की त्या रविवारी बरं नव्हतं, पडून होतो. काळजी घे. फ्लू असेल.

तरीही हे तुला सांगायला हवं.

परवा पुन्हा क्लब होता. ग्लेनिसने एप्रिलच्या कॉन्सर्टसाठी एक जुनी डोंगरातली धून आम्हा सगळ्यांसाठी बसवली आहे. पुढे बसलेला एक हॉर्न हाक देतो, आणि बाहेरून, दाराआडून, दुसरा त्याला पडसाद देतो. हाक माझ्याकडे, पडसाद स्वरालीकडे. तिने हॉलच्या बाजूच्या खोलीत उभं राहायचं, दार थोडं उघडं ठेवून.

मी हाक दिली. पडसाद आला.

कसा आला ते लिहिता येत नाही. माझा सूर जिथे संपला त्याच्या आतूनच तो निघाला. मी पुन्हा हाक दिली, पुन्हा आला. मधल्या रिकाम्या मात्रा मी मोजत होतो, मराठीतच, तुझ्याबरोबर मोजायची सवय आहे ती. “पाच, सहा, सात,” आणि मला खात्री होती की माझ्या डाव्या खांद्याशी तूही ओठांत मोजतोयस. चौदा एप्रिलची जयंती करून लंडनहून परतताना ट्रेनमध्ये आपण दोघं असेच मोजत बसायचो आणि समोरची बाई जागा बदलायची.

धून संपली तेव्हा हॉलचं पुढचं दार उघडलं आणि स्वराली आत आली. अंगात कोट, हातात गाडीची किल्ली. रिंग रोडवर अडकली होती. सगळे तिच्याकडे पाहायला लागले तशी ती घाबरली. “उदयकाका, मी नव्हतो,” म्हणाली. “माझी हॉर्न अजून कारमध्ये आहे.” चोवीस वर्षं कॉव्हेंट्रीत आणि चार इथे काढलेली मुलगी, एरवी माझ्याशी इंग्लिशच बोलते. घाबरली की मराठी, तीही मोडकीतोडकी.

तुझा टोन ऐकून दात शिवशिवतात असं म्हणणारा तो चढ्या आवाजाचा पोस्टमास्तर आठवतो का? तो डोळे पुसत होता.

ग्लेनिसने सगळ्यांना सांगितलं की कोणी दार उघडून बघायचं नाही. “वाजवा आणि ऐका,” म्हणाली. “बघायला गेलात तर जाईल.”

मी बघणार नाही. पुढच्या रविवारची वाट बघतोय, एवढं मात्र खरं. तू गेल्यापासून तिथे नुसता सवयीने जात होतो.

उदय


लीड्स
सोमवार, १० मार्च २०२५

धम्मदीप,

शुक्रवारी तू फोन केलास तेव्हा मी नीट बोललो नाही. तीन वर्षांनी तुझा आवाज, आणि तो तुझा वाटेना. दोन शब्द आणि थांबा, दोन शब्द आणि थांबा.

“डॉक्टर... दर रविवारी होते... दुपारचं. छातीतून कोणी... ओढून घेते बे.”

मी तुला पाय सुजतात का, झोपल्यावर वाढतं का, असले प्रश्न विचारत बसलो, कारण तेवढेच मला येतात. इन्व्हर्नेसला नेऊन तुझा एक्स-रे काढला, हृदयाचा एको केला, नळीत फुंकायला लावलं, सगळं ठीक आलं. तुझ्यापेक्षा तिथल्या डॉक्टरचीच मला कीव आली. मीसुद्धा आयुष्यात कितीदा म्हणालोय, “रिपोर्ट तर छान आहेत.”

फोन ठेवल्यावर मी कॅलेंडर पाहिलं. तुला पहिल्यांदा झालं तो पडद्यामागचा रविवार. त्याच्या पुढच्या रविवारी हॉलमध्ये जुन्या कपड्यांची विक्री होती, क्लब नव्हता, आणि तू म्हणालास की त्या दिवशी तू डोंगरावर जाऊन आलास. मग पडसादाचा रविवार, तुला पायऱ्याही चढवेनात. मग दोन मार्च, आम्ही ती धून दोनदा घेतली, आणि तू शेजाऱ्याच्या दारापर्यंत रांगत गेलास.

हे मी डॉक्टर म्हणून लिहीत नाही. डॉक्टर म्हणून लिहिण्यासारखं यात काही नाही. पण हॉर्न म्हणजे शेवटी काय? पितळेची नळी आणि श्वास. पितळ शेडमध्ये टांगलेलं आहे. मग आमच्याकडे जे येतंय ते काय आहे?

तू काळजी करू नकोस. मी जाणं बंद केलंय. कालच्या रविवारी मी गेलो नाही. काल तुला बरं वाटलं असणार. कळव.

उदय


लीड्स
सोमवार, २४ मार्च २०२५

धम्मदीप,

तुझं कार्ड आलं. नऊ तारखेला तू पोस्ट ऑफिसच्या वाटेवर पडलास, कुत्रा फिरवणाऱ्या बाईला दिसलास, दोन दिवस तुला हॉस्पिटलमध्ये ठेवलं. आणि खाली एकच प्रश्न: “तू नव्हता ना गेला?”

गेलो होतो.

शैलाला सांगितलं की गार्डन सेंटरला जातो, आणि ऑटलीला गेलो. रस्ताभर स्वतःला सांगत होतो की फक्त बसून ऐकेन. तिथे गेल्यावर हॉर्न काढला. हाक मीच दिली. तो आला, आणि इतका सुरेल आला की मी दुसऱ्यांदा दिली, मग तिसऱ्यांदा. ग्लेनिसने तिसरी मागितली नव्हती.

तुला हे ऐकून राग आला तर येऊ दे, पण माझंही ऐक. मनाली गेली तेव्हा तुझ्याबरोबर आम्हीही रडलो. प्रत्येक कॉन्सर्टला मागच्या रांगेत थर्मास घेऊन बसणारी तुझी बायको आमचीही कोणीतरी होती. मग एके दिवशी तुझ्या घरावर ‘सोल्ड’ची पाटी दिसली. तू गेलास हे मला पाटीवरून कळलं. तीन वर्षं मी फोन करतोय आणि तू उचलत नाहीस. आणि त्या हॉलमध्ये, धम्मदीप, मी हाक दिली की तू उत्तर देत होतास. दर वेळी. ताबडतोब.

तुझं कार्ड वाचून मी शैलाला सगळं सांगितलं. तिने भाजी चिरणं थांबवलं नाही. म्हणाली, “तुला माणूस हवाय की त्याचा आवाज? दोन्ही मिळणार नाही असं दिसतंय. एक काय ते ठरव.”

ठरवलं.

सोळा तारखेला मी घराबाहेर पडलो नाही. शैलाने गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली होती, पण त्याची गरज नव्हती. तुला त्या दिवशी त्रास झाला नाही हे तू फोनवर सांगितलंस. काल मात्र मी मुद्दाम गेलो, हॉर्न न घेता. माझ्या जागी पोस्टमास्तरांनी हाक दिली. चांगली दिली. काही आलं नाही. पुन्हा दिली. दाराआडून स्वरालीने तिचा पडसाद वाजवला, नेटका, आणि ग्लेनिसचा चेहरा पडला.

म्हणजे ते माझ्याच हाकेला येतं. हे कळल्यावर मला आनंद झाला. तुझ्यापासून लपवून काय उपयोग, झाला. आणि आता मी हाक देणार नाही, हेही तितकंच खरं.

ग्लेनिस बाहेर गाडीपर्यंत आली. मी तिला तुझं सांगितलं. ती वाईट बाई नाही, तिने सगळं ऐकलं, डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, “कॉन्सर्टला फक्त एकदा, उदय. फक्त एकदा, नीट.”

मी नाही म्हणालो.

उदय


लीड्स
सोमवार, ७ एप्रिल २०२५

धम्मदीप,

काल संध्याकाळी तू फोनवर इतकं बोललास की शैलाने मला खुणेने विचारलं, हा खरंच तोच का. समुद्रपक्ष्याने तुझा सँडविच पळवला, ती गोष्ट तू न थांबता सांगितलीस. मी गोष्ट कमी आणि तुझा श्वास जास्त ऐकत होतो. आता काल दुपारी काय झालं ते सांगतो.

मी जाणारच नव्हतो. पण तुझ्या मागच्या पत्रात होतं की झटके थांबले, पण श्वास पुरा येत नाही, अर्धाच येतो, उरलेला कुठे राहिलाय कळत नाही. ते पत्र खिशात असतानाच शनिवारी दुपारी स्वराली घरी आली. शैलाने चहा दिला, तिने कप तसाच धरून ठेवला.

“काका, it’s still there,” म्हणाली. “मी त्या खोलीत उभी राहते ना, तर माझ्या बाजूला कोणीतरी श्वास घेतो. वाजवत नाही. नुसता उभा आहे. I think he’s waiting for you.”

तुझ्या पत्रातला उरलेला अर्धा कुठे आहे ते मला तेव्हा कळलं.

कॉन्सर्ट ऑटलीजवळच्या चॅपलमध्ये होता. बातमी पसरली होती. हॅरोगेटहून, शेफील्डहून लोक आले होते, हॉर्नवाले, त्यांचे विद्यार्थी, भिंतीला टेकून उभे. मला हॉर्न घेऊन आलेला पाहून ग्लेनिसने माझे दोन्ही हात धरले. मला तिच्याकडे बघवेना. पोस्टमास्तर उठले आणि त्यांनी मला माझी जागा दिली.

आमचा भाग आला. मी हॉर्न उचलला, माउथपीस ओठांना लावला. आणि व्हेस्ट्रीच्या, म्हणजे चॅपलच्या बाजूच्या खोलीच्या, दाराआडून श्वास ऐकू आला. आधी नाकाने थोडा, मग उरलेला. मी हाक देण्याआधीच. तो घेऊन झाला आणि तिथेच थांबला.

ऑपरेशनच्या टेबलावर असा क्षण असतो. पेशंटचा स्वतःचा श्वास थांबलेला असतो आणि हवेची पिशवी माझ्या हातात असते. मी दाबली की छाती वर येते. त्या क्षणाची मला कधी भीती वाटली नव्हती. काल वाटली. मला हाक द्यायची होती, धम्मदीप. आयुष्यात काही वाजवायची एवढी इच्छा मला कधी झाली नसेल.

मी हॉर्न मांडीवर ठेवला.

ग्लेनिसचा हात हवेत होता. तिने मान हलवली, पुन्हा खूण केली. कोणीतरी खोकलं. मी उभा राहिलो आणि त्या भरलेल्या चॅपलमध्ये मोठ्याने, मराठीत म्हणालो, “धम्मदीप, मी हाक देणार नाही. घरी जा बाबा. सगळा जा.”

मग तो श्वास सुटला. हॉर्नमधून नाही, नुसता. एवढा लांब श्वास कोणाच्या छातीत मावत नाही. मागच्या रांगेपर्यंतच्या लोकांनी तो ऐकला. आमच्या स्टँडवरचे कागद दाराच्या बाजूने उचलले गेले, एकेक करून, आणि पुन्हा खाली बसले. व्हेस्ट्रीचं दार हळूहळू पूर्ण उघडलं. आत स्वराली भिंतीला पाठ लावून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “काका, तो गेली.”

मला हसू आलं आणि मग ते थांबेना. शेवटी पोस्टमास्तरांनी मला बाहेर नेऊन बाकावर बसवलं.

ग्लेनिस आज सकाळी फोनवर शांतपणे बोलली. “असा टोन मी जन्मात ऐकला नव्हता,” म्हणाली. “आणि तू त्याला घरी पाठवलास.” क्लबमध्ये पुन्हा येऊ नकोस हेही तिने शांतपणेच सांगितलं. मी तिला दोष देत नाही.

हॉर्न मी माळ्यावर ठेवला. खाली उतरल्यावर हात धुतले, पितळेचा वास जाईपर्यंत. तू जेव, फिर, त्या पक्ष्याला शिव्या दे. पण आता फोन उचलत जा.

उदय


लीड्स
बुधवार, ३० एप्रिल २०२५

धम्मदीप,

तुझं लांबलचक पत्र काल आलं. चार पानं. स्वराली यंदा चौदा एप्रिलला किंग हेन्रीज रोडवरच्या स्मारकाला जाऊन आली आणि तिने तुला फोटो पाठवले, ते तू धक्क्यावरच्या कॉफीवाल्याला दाखवलेस, हे वाचून शैलाला फार बरं वाटलं. तिने पहिली तीन पानं दोनदा वाचली. चौथं पान मी तिला दिलं नाही.

तू लिहितोस की गेले दोन रविवार दुपारी पाण्याच्या पलीकडून हॉर्न ऐकू येतो. जाडा, गडद, पोटातून येणारा. “पहिल्याच सुराला ओळखलं बे. तूच.” आधी वाटलं मी हॉटेलात उतरून तुझी गंमत करतोय. बाहेर येऊन पाहिलंस, पलीकडे नुसता डोंगर. मग तू दगडावर बसून ऐकलंस. दुसऱ्या रविवारी तू तोंडाने शीळ घालून उत्तर दिलंस, दात नाहीत म्हणून बरीचशी हवाच गेली, तरी पलीकडून लगेच पुढची ओळ आली. मनाली गेल्यापासून इतकं हलकं वाटलं नव्हतं, असं लिहिलंयस.

हॉर्न माळ्यावर आहे. मी काल चढून पाहिलं. पेटीचं कुलूप तसंच, वर धूळ. चढून पाहिलं म्हणतो खरं, पण शिडीच्या मध्यावर मला थांबावं लागलं.

तेरा तारखेला काही नव्हतं. वीस तारखेला, ईस्टरच्या दुपारी, आम्ही नदीकाठी गेलो होतो आणि मी बोलता बोलता थांबलो. शैलाला वाटलं मी बदकं बघतोय. परवाच्या रविवारी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलो तो बराच वेळ उठलो नाही. बोटाला लावायचं यंत्र घरात आहे. आकडे उत्तम. मला ते बघून हसू आलं, तुझा इन्व्हर्नेसचा डॉक्टर आठवला. छातीवर काही दाबत नाही, दुखत नाही. फक्त आत घेतलेलं सगळं आपल्याजवळ राहत नाही. कुठेतरी जातं. कुठे, ते आता तुझ्या चौथ्या पानामुळे कळलं.

तुझ्यावर राग नाही. कसा येईल? ऐकत बसावंसं वाटतं, उत्तर द्यावंसं वाटतं, हे मला कोणी समजावून सांगायला नको. माझा टोन तुला आवडला हे या जन्मात पहिल्यांदाच तू कबूल केलंस, आणि तेही मी वाजवत नसताना.

शैलाला सांगितलेलं नाही, पण तिने न विचारता माझी बॅग भरली. शनिवारी सकाळच्या ट्रेनने निघतो, इन्व्हर्नेसहून बसने संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे. हॉर्न आणत नाही. मला वाटतं, आपण दोघं एका खोलीत समोरासमोर बसलो, साध्या आवाजात बोललो, भांडलो, तर कोणाच्या छातीतून काही निघून इतक्या लांब जायची गरज उरणार नाही. तुला बरंच ऐकवायचं आहे मला. ‘सोल्ड’च्या पाटीपासून सुरुवात करणार आहे. तूही बोल. मनालीबद्दल तू माझ्याशी एक शब्द बोललेला नाहीस.

सकाळपासून तीनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. बाहेर असशील. दगडावर नसलास म्हणजे झालं. म्हणून हे स्पेशल डिलिव्हरीने पाठवतोय, उद्या-परवा मिळेल.

मी येण्याआधी ऐकू आलंच, रविवार नसतानाही, तर दार लावून घे. कितीही जवळून आलं तरी शीळ घालू नकोस. मी येतोच आहे. मी पोचेपर्यंत दम धर.

उदय